वजा करायचं गाव

शहराची हवा किती बिघडली ते मोजायचं
तर आधी एक न बिघडलेली हवा लागते, सर म्हणाले,
आणि चंद्रपूरच्या पश्चिमेला पेन टेकवलं : सावंगटोला.
उंबरठे एकशे चाळीस. कारखाना नाही. साधा सिग्नल नाही.
शहराच्या आकड्यातून या गावाचा आकडा वजा करायचा,
उरेल ते शहराचं.

उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो.
कित्येक किलोमीटरचा एक चौकोन त्याला एकच ठिपका दिसतो,
त्यात शाळा, नाला, पऱ्हाटीची वावरं, मसणवट
सगळं ढवळून एकच रंग.
ढग असले की रकाना रिकामा,
त्यामुळे आषाढ-श्रावण आम्ही श्वास घेतला की नाही
याची नोंद नाही.

जानेवारीची वजाबाकी केली
आणि शहर ऋण आलं.
म्हणजे धुराड्यांचं शहर या गावापेक्षा स्वच्छ.
मी सूत्र तपासलं, पुन्हा तपासलं, तारखा ताडून पाहिल्या.
सर म्हणाले, जाऊन बघ एकदा, मशीन लाव खाली.

मशीन शाळेच्या गच्चीवर लावलं.
तिसऱ्या दिवशी वांदरांनी वायर ओढून नेली.
मग मी पंचफुला वरठिणीच्या अंगणात बसून होतो,
दुसरं काम नव्हतं,
आणि तिच्या दोरीवर सरपंचाची धोतरं, नर्सबाईचा कोट,
शाळेतल्या पोरांचे शर्ट.

काय मोजतं रे बाप्पू?
हवा, म्हटलं. वरून.
वरून? ती हसली नाही. चिमटे मोजत होती.
मले इचार ना मंग. दिवाळीपासून कोळशाचे टरक
इकडल्या रस्त्यानं वळवले त्यायनं.
सोमवारचं धुतलं का सांजेले करडं.
मंगळवारचं तेवढं पांढरं रायते,
बाजार रस्त्यावरच भरते ना, टरक सोडत नाई.

रात्री पंचायतीच्या कॉम्प्युटरवर
मी मंगळवार वेगळे काढले.
जानेवारीत चार होते, एक धुक्यानं खाल्लेला.
उरलेले तीन इतर दिवसांहून फिके.
सातशे किलोमीटरवरून पाहिलेलं
आणि हातभर दोरीवरून पाहिलेलं
एकच निघालं, आणि मला आनंद झाला,
खरंच झाला, लाज वाटायच्या आधी.

तिला सांगायला गेलो सकाळी.
तुमचं बरोबर आहे मावशी, उपग्रहही तेच म्हणतो.
तिनं इस्त्रीत कोळसा भरत विचारलं,
मंग थो टरक बंद करते का?
नाही, म्हटलं, तो फक्त पाहतो.
अस्सं, म्हणाली. आमचा तलाठी बी तसाच हाय.

सरांना फोन केला. वाऱ्याचा आवाज येत होता की त्यांचा पंखा.
मंगळवारांचं ऐकून म्हणाले, छान निरीक्षण आहे,
तळटीप टाक.
पण मग सावंगटोला पार्श्वभूमी म्हणून चालणार नाही.
दुसरं गाव शोध. आणखी आत, जंगलाकडे.
कुणी नसलेलं असेल तर उत्तम.

मी नकाशा सरकवत बसलो.
एक हिरवा चौकोन, त्याच्या कडेला खाणीचा पट्टा.
दुसरा हिरवा, त्यावर आखलेला रस्ता, अजून न झालेला.
तिसऱ्याला नावच नव्हतं,
जवळ आणलं तर दोन छपरं, आणि मधे काहीतरी बारीक, आडवं,
दोरी असेल, सावली असेल,
एवढ्या वरून सांगता येत नाही.

निघताना माझा शर्ट तिनं घडी करून दिला.
दहा रुपये. पांढराशुभ्र.
काय युक्ती करता, विचारलं.
उलटा वाळवतो, म्हणाली,
धूळ आतून बसते, लोकायले दिसत नाई.

एसटीत बसलो आणि वणीपर्यंत
पाठीला बारीक काहीतरी टोचत राहिलं.